रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे

पहाटे साडेपाचची मुंबई पाहिली की या शहरात गर्दी असते यावर विश्वास बसत नाही. मरिन ड्राइव्हवर समुद्राच्या कठड्यालगत धावणाऱ्यांची रांग लागलेली असते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. वरळी, वांद्रे, पवई, ठाणे सगळीकडे हेच चित्र. दिवसा ज्या रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नसते, तो रस्ता या वेळी आपला वाटतो. म्हणून तर लोक अंथरूण सोडून या वेळी बाहेर पडतात. डॉक्टर, प्रशिक्षक आणि घरातली वडीलधारी माणसे सगळीच सांगतात, ‘पहाटे जावे, रस्ते रिकामे असतात.’

या सल्ल्यातला दुसरा भाग तपासून पाहण्याची वेळ आली आहे. 19 मार्च 2023 रोजी, एका रविवारी सकाळी, वरळी सी फेसवर धावणाऱ्या एका महिलेला भरधाव मोटारीने मागून उडवले. त्यात तिचा मृत्यू झाला. ती नवखी नव्हती. मॅरेथॉन धावणारी, शिस्तीने सराव करणारी धावपटू होती. वेळ पहाटेची, वार सुट्टीचा, रस्ता मोकळा. धावायला सर्वांत चांगली म्हणून जी परिस्थिती सांगितली जाते, नेमकी तीच. त्यानंतर काही दिवस चर्चा झाली, मेणबत्त्या लागल्या आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडला. धावणाऱ्यांनी भडक कपडे घालावेत, कानात काही घालू नये, एकटे जाऊ नये. सल्ले चुकीचे नव्हते, पण ते सगळे धावणाऱ्यालाच उद्देशून होते. रिकाम्या रस्त्यावर मोटार इतक्या वेगात का असते, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचे उत्तर रस्त्याच्या रिकामेपणातच आहे. जो मोकळा रस्ता धावणाऱ्याला बोलावतो, तोच चालकालाही बोलावतो. दिवसा मुंबई-पुण्यात वाहनांचा वेग कायदा कमी ठेवत नाही, कोंडी ठेवते. कोंडी सुटली की वेगावरचा एकमेव खरा लगाम सुटतो. त्यात पहाटेच्या चालकांमध्ये रात्रभर जागलेले, पाळी संपवून परतणारे, विमानतळ गाठायची घाई असलेले आणि मेजवानीहून मद्य घेऊन निघालेले असे अनेक जण असतात. पहाटेचे तास हे माणसाच्या शरीरातील घड्याळाप्रमाणे झोपेच्या सर्वांत दाट अमलाचे तास. चाकामागे डुलकी लागण्याचा धोका याच वेळी अधिक असतो. अनेक चौकांतले सिग्नल रात्री पिवळ्या उघडझापीवर टाकलेले असतात आणि रात्रीची नाकाबंदी उठून दिवसाचा वाहतूक पोलीस अजून चौकात आलेला नसतो. म्हणजे धावपटू रस्त्यावर उतरतो, तेव्हा नियम पाळायला लावणारे जवळजवळ कोणीच तिथे नसते.

वेगाचे गणित समजून घेतले तर या परिस्थितीचे गांभीर्य कळते. ताशी 40 किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला साधारण 11 मीटर जाते. समोर माणूस दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा मानला, तर मोटार पूर्ण थांबायला साधारण 25 मीटर लागतात. वेग ताशी 80 असेल तर हेच अंतर जवळपास 70 मीटर होते. वेग दुप्पट, थांबायचे अंतर मात्र पावणेतीन पट. आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला ती चौपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, मोटारीच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी 50 वरून 65 किलोमीटर वेग झाला की साडेचार पट होतो. वेगमापकाचा काटा जेमतेम बोटभर सरकतो, पण पादचाऱ्याच्या दृष्टीने तेवढ्याने दवाखाना आणि स्मशान यातला फरक पडतो.

आता या गणितात अंधार मिसळू या. खालच्या झोतावर असलेले मोटारीचे दिवे रस्त्याचा मर्यादित भागच उजळतात आणि गडद कपड्यातला माणूस त्या उजेडातही उशिराच दिसतो. सत्तर मीटर थांबायला लागणाऱ्या चालकाला माणूस तीस-चाळीस मीटरवर दिसला, तर पुढचे सगळे नशिबावर असते. यात आणखी एक फसगत आहे. चालणाऱ्या-धावणाऱ्याला समोरून येणारे दिवे लांबून लख्ख दिसतात. त्यामुळे ‘मला मोटार दिसते, म्हणजे मीही तिला दिसत असणार’ असे त्याला वाटते. रात्रीच्या दृश्यमानतेवर झालेल्या प्रयोगांत हे वारंवार दिसून आले आहे की पादचारी स्वतःच्या दिसण्याबद्दल वाजवीपेक्षा जास्त आश्वस्त असतात.

यावर एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, पण तो नीट वापरला जात नाही. बहुतेक जण चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घेतात आणि काम झाले असे मानतात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 साली दाखवून दिले की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके असले, तरी ते हलू लागताच पाहणाऱ्याचा मेंदू क्षणार्धात ‘हा माणूस आहे’ हे ओळखतो. छातीवरची पट्टी चालकाला एक चकाकणारी वस्तू म्हणून दिसते. ती खांबावरचा फलक असेल किंवा उभी हातगाडीही. घोटे, गुडघे आणि मनगटे यांवरच्या पट्ट्या वरखाली हलतात आणि चालकाला माणूस दिसतो. पुढे झालेल्या रस्त्यावरच्या प्रयोगांनीही हेच सांगितले. तेव्हा जाकिटावर मोठा खर्च करण्याआधी घोट्यांना आणि मनगटांना चकाकणाऱ्या पट्ट्या बांधणे शहाणपणाचे. काळा किंवा गडद निळा बनियन हा पहाटेचा पोशाख नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट दिशेची. पदपथ असेल आणि तो वापरण्याजोगा असेल तर तिथेच धावावे, यात वाद नाही. पण तो नसेल आणि रस्त्यावर उतरावेच लागले, तर वाहने समोरून येतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावावे. पाठीमागून येणारी मोटार दिसत नाही, समोरून येणारी दिसते आणि निदान बाजूला उडी मारायला वेळ मिळतो. आंधळ्या वळणावर मात्र हा नियम बाजूला ठेवून जिथून दोन्हीकडचे दिसेल त्या कडेला जावे. कानातल्या गाण्यांचेही तसेच. पाठीमागचे जग कळण्याचे एकमेव साधन कान आहेत, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या तसा इंजिनाचा आवाजही भरवशाचा राहिलेला नाही. गाण्याशिवाय पाऊल उचलतच नसेल, तर ती चैन बागेतल्या फेरीसाठी ठेवावी.

धावणाऱ्यांच्या गटांनीही थोडे आरशात पाहायला हवे. मॅरेथॉनचा मोसम जवळ आला की रविवारी लांब पल्ल्याच्या सरावाला वीस-तीस जणांचे जथे निघतात. गट असणे चांगलेच. एकट्यापेक्षा गट लवकर दिसतो, कुणाला काही झाले तर मदतीला माणूस असतो. पण गप्पा मारत चौघे-पाच जण एका ओळीत डांबरावर पसरले की कडेचा माणूस थेट वाहनाच्या वाटेत जातो. एकामागे एक धावणे, पुढच्या-मागच्याच्या अंगावर दिवा असणे आणि वळताना हाताने खूण करणे एवढी शिस्त गटाने पाळली तरी पुष्कळ आहे. खिशात नाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेला कागद असावा. आणि कुणी कोसळलेले दिसले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला घाबरू नये. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच संरक्षण दिलेले आहे.

पहाटेबद्दलची आणखी एक समजूत तपासायला हवी. ‘सकाळची हवा शुद्ध असते’ हे वाक्य आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. पावसाळ्यात ते बरेचसे खरेही असते. हिवाळ्यात मात्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते आणि वरच्या तुलनेने उबदार थराचे तिच्यावर झाकण पडते. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, कचरा जाळल्याचा धूर हे सगळे त्या झाकणाखाली अडकते. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की झाकण उचलले जाते आणि मुंबईत पुढे समुद्रावरचा वारा ते उधळून लावतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, मॅरेथॉनच्या सरावाचा कळस असतो त्या दिवसांत, पहाटेची हवा दिवसातल्या वाईट हवांपैकी एक असू शकते.

विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हे प्रमाण दहापट किंवा त्याहून जास्त होते आणि श्वास बराचसा तोंडाने चालतो, त्यामुळे नाकाची चाळणीही टळते. यासाठी धावणे सोडायचे कारण नाही. बसून राहण्याचे तोटे शहरी माणसाला पुष्कळ महागात पडतात. पण जसे आपण पाऊस पाहून छत्री घेतो, तसे हवेचा निर्देशांक पाहून पल्ला ठरवावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा ‘सफर’ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ही दोन्ही साधने फोनवर फुकट आहेत. निर्देशांक 200 च्या वर, म्हणजे ‘वाईट’ गटात असेल, तर त्या दिवशी वेगाचा सराव टाळून सावकाश आणि थोडेच धावावे, मोठ्या रस्त्यापासून आत जावे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर त्या दिवशी घरातलाच व्यायाम करावा.

मोकळ्या रस्त्यावर वाहने कमी असली तरी कुत्री असतात. रात्रभर त्या गल्लीवर त्यांचेच राज्य असते आणि धावणारी आकृती त्यांना पाठलाग करण्याजोगी वाटते. कुत्रे अंगावर आले तर वेग वाढवू नये. थांबावे, डोळ्याला डोळा न भिडवता त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. चावलेच, किंवा नख लागून रक्त आले, तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची पहिली लस घ्यावी. उद्या पाहू, हळद लावू, कुत्रे ओळखीचे आहे यांपैकी कोणतेही कारण इथे चालत नाही, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

स्त्रियांसाठी रिकामेपणाचा आणखी वेगळा अर्थ आहे. मोकळ्या रस्त्यावर पुरुषाला फक्त वाहनाची चिंता असते, बाईला पाठीमागून सावकाश येणाऱ्या दुचाकीचीही. रोज तोच मार्ग धरू नका, उजेडाच्या रस्त्याने जा, घरी सांगून निघा, फोनवरून ठिकाण कळवत राहा, हे सल्ले तिला तोंडपाठ असतात. ते पाळण्यात चूक नाही. पण कुठल्याही बाईला विचारले तर ती सांगेल की तिला सुरक्षित वाटते ते रस्ता मोकळा असताना नव्हे, रस्त्यावर माणसे असताना. चहाची टपरी उघडलेली असते, पेपर लावणारी मुले पदपथावर बसलेली असतात, फुलवाल्या गजरे ओवत असतात, तो रस्ता तिला आपला वाटतो. सुरक्षितता येते ती माणसांच्या वावराने आणि वाहनांच्या कमी वेगाने.

आणि इथे धावणाऱ्यांच्या पलीकडे पाहावे लागते. धावणारा हौसेने पहाटे रस्त्यावर येतो. त्याच वेळी त्याच रस्त्यावर झाडू घेतलेला सफाई कामगार असतो, दुधाचे क्रेट उतरवणारा पोरगा असतो, सायकलवर वर्तमानपत्रे घेऊन निघालेला विक्रेता असतो, पहिली लोकल गाठायला निघालेली घरकामाची बाई असते. त्यांना ‘पहाटे बाहेर पडू नका’ असे सांगता येत नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत 32 हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणजे जवळपास पाचांतला एक. यांतले फार थोडे जण व्यायामाला निघालेले असणार. धावपटूसाठी रस्ता सुरक्षित करा, ही मागणी म्हणूनच मूठभरांच्या छंदाची मागणी ठरत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते. रस्ते वाहनांसाठी असतात, धावायचे तर बागेत किंवा मैदानात धावा. मैदाने आहेत तिथे लोक धावतातच. प्रियदर्शिनी पार्क, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, पुण्यातल्या तळजाई आणि वेताळ टेकड्या, नागपुरातला अंबाझरीचा परिसर पहाटे भरलेले असतात. पण कुर्ला, गोवंडी किंवा भिवंडीत राहणाऱ्याने काय करायचे? त्याच्या घराजवळ मैदान नाही आणि शाळेचे असले तर त्याला कुलूप असते. उरतो पदपथ. निवासी भागातही पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. मोजपट्टी घेऊन निघाले तर एवढी सलग रुंदी किती ठिकाणी सापडेल, हे सांगायला नको. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पुणे महापालिकेने तर 2016 मध्येच पादचारी धोरण मंजूर केले आहे. कागदावर कमतरता नाही. फरशी उखडलेल्या, मध्येच संपणाऱ्या, दुचाक्यांनी अडवलेल्या पदपथावरून अंधारात धावून घोटा मुरगळण्यापेक्षा डांबर बरे असे वाटणाऱ्याला बेशिस्त म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

मग करायचे काय? अशक्य काहीच नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ हा उपक्रम सुरू केला आणि रविवारी सकाळी काही तास निवडक रस्ते वाहनांना बंद ठेवले. मुले स्केट्सवर, आजोबा लेझीम घेऊन, बाया रांगोळ्या काढत रस्त्यावर उतरल्या. पण तो शहराच्या कायमच्या सवयीचा भाग झाला नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा हेच काम 1974 पासून करते आहे. तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते माणसांसाठी मोकळे असतात. पन्नास वर्षांत महापौर बदलले, उपक्रम टिकला, कारण तो एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर नव्हे तर शहराच्या व्यवस्थेवर उभा होता. फिनलंडच्या हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा आहे आणि जुलै 2025 पर्यंतच्या 12 महिन्यांत त्या शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. हेलसिंकी लहान आहे, थंड आहे, श्रीमंत आहे, हे खरे. पण ताशी 30 किलोमीटरने बसलेली धडक सोसण्याची माणसाच्या शरीराची ताकद मुंबईत आणि हेलसिंकीत सारखीच असते.

मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे या शहरांनी सुरुवात छोटी करावी. जिथे लोक आधीपासून धावतात, चालतात ते मार्ग कुठले, हे प्रत्येक पोलीस ठाण्याला ठाऊक असते. अशा मार्गांवर पहाटे 5 ते 8 वेगमर्यादा ताशी 30 करावी आणि ती पाळली जाते का हे पाहायला कॅमेरे त्याच तासांत चालू ठेवावेत. मद्यपी चालकांची तपासणी मध्यरात्री संपवू नये, उजाडेपर्यंत ठेवावी. लांबलचक सरळ रस्त्यांवर उंचवट्याचे पादचारी मार्ग करावेत, कारण फलक वाचून कोणी वेग कमी करत नाही, गाडीला धक्का बसेल म्हणून करतो. मनपा शाळांची मैदाने पहाटे दोन तास उघडावीत. मुंबईच्या किनारी रस्त्यालगतचा पाच किलोमीटरहून लांब सागरी पदपथ ऑगस्ट 2025 मध्ये खुला झाला, तेव्हा वाहनांपासून वेगळी जागा मिळाली की लोक आपोआप तिथे जातात हे दिसलेच. अशी जागा फक्त समुद्रकाठीच का असावी?

धावणाऱ्याने पट्ट्या बांधाव्यात, समोरून येणारी वाहने पाहत धावावे, कान मोकळे ठेवावेत, हवा पाहून पल्ला ठरवावा. हे त्याचे काम आहे आणि ते त्याने टाळू नये. पण यातल्या कुठल्याही पट्टीने ताशी 80 ने येणारी मोटार 40 वर येत नाही. ते काम शहराचे आहे. पुढच्या वेळी कुणी पहाटे घराबाहेर पडणाऱ्याला ‘रस्ते रिकामे असतात, काळजी नको’ म्हणाले, तर त्याला आठवण करून द्यावी की रस्ता रिकामा असतो म्हणूनच काळजी घ्यायची असते, आणि ती काळजी एकट्या धावणाऱ्याने घेऊन भागत नाही.